खुंदलेली गादी

आमच्या घरात गद्दार निघाली ती मी एकटीच, असं माझ्या आईचं ठाम मत होतं. त्याला कारणही तसंच घडलं होतं. पांढुर्ण्याच्या शाळेच्या मैदानावर आसपासच्या शाळांची टूर्नामेंट भरली होती. जिम्नॅस्टिकमध्ये आमच्या शाळेची मुलगी आणि सौंसरची मुलगी यांच्यात शेवटची चुरस लागली, आणि मी हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या त्या सौंसरच्या मुलीसाठी. आमची मुलगी हरली. संध्याकाळी घरी पोहोचायच्या आत ही बातमी आईच्या कानावर गेली होती.

"आपल्या गावची पोट्टी हारून राहिली आन तू परगावच्या पोट्टीसाठी नाचून राहिली? लाज वाटत नाही तुले?"

"नाही वाटत," मी म्हटलं. मग जेवताना मला भाजी वाढली गेली नाही.

आमच्याकडे गावाची बाजू घेणं ही थट्टा नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या या काठावरून आम्ही आणि त्या काठावरून सावरगावची माणसं एकमेकांवर गोटे फेकतो, आणि त्याच सावरगावात आमच्या लेकी नांदत असतात. गोटमारीत डोकं फुटलेला माणूस पुढे वर्षभर ती खोक मिरवतो. अशा गावात दुसऱ्या गावच्या मुलीचं कौतुक करायचं म्हणजे घरभेदीपणाच. पण मी तरी काय करणार? त्या मुलीला उडी मारताना पाहिलं आणि माझा इलाजच संपला.

ती तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल, माझ्यापेक्षा दोन वर्गांनी पुढे. काळीसावळी, काटक, तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, त्या डोक्याभोवती गुंडाळून लाल रिबिनीनं बांधलेल्या. अंगात शाळेचा कुडता आणि खाली भावाची खाकी हाफपँट. तिची हाफपँट पाहून आमच्या शाळेच्या मुली आधी खूप हसल्या. मग ती धावत आली, हात टेकले, उलटी झाली, सुटली, आणि हवेत दोनदा फिरून पायांवर उभी राहिली. हसणाऱ्यांची तोंडं उघडी ती उघडीच राहिली. मला आठवतं ते तिचं फिरणं नाही. सर्वांत वर पोचल्यावर ती जरा थांबायची. हवेत कुणी थांबू शकत नाही हे मला शाळेत शिकवलेलं होतं, पण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शाळेनं काय शिकवायचं ते शिकवावं.

माझी आत्या सौंसरला दिलेली. तोवर आत्याकडे जायचं म्हटलं की माझं पोट दुखायचं, कारण आत्या कामाला लावायची. त्या टूर्नामेंटनंतर मात्र दिवाळी असो की शनिवार-रविवार, मी पांढुर्ण्याहून सौंसरची बस गाठायला तयार. आत्याचं घर शाळेच्या मैदानाला लागूनच होतं. ओट्यावर बसलं की सगळं मैदान दिसायचं. मी तुरीच्या शेंगा सोलायला घेऊन बसायचे आणि आत्याला वाटायचं, पोरगी सुधारली.

मैदानावर रोज संध्याकाळी ती आणि तिचे पीटीचे सर असायचे. सर जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे, मिशीवाले आणि आवाजानं मैदान हादरवणारे. शाळेकडे जिम्नॅस्टिकचं सामान म्हणून काही नव्हतं. संत्र्याच्या पेट्या भरताना खाली घालतात ते तणस, म्हणजे भाताचं वाळलं गवत, सरांनी कुण्या व्यापाऱ्याकडून मागून आणलेलं, त्यावर जुनी ताडपत्री. तणस रोज इकडेतिकडे सरकायचं आणि रोज ते दोघं ते ओढून जागेवर आणायचे. एक दिवस मी शेंगांचं सूप खाली ठेवलं आणि तणस ओढायला गेले. त्या दिवसापासून माझी तिची ओळख झाली.

"पांढुर्ण्याची ना तू?" तिनं विचारलं. "त्या दिवशी मीच हारायले पाह्यजे होती तुह्या हिशोबानं."

मी म्हटलं, "मी तुह्यासाठी टाळ्या वाजवल्या. घरी मले भाजी नाही भेटली."

ती खळखळून हसली. तिचा पुढचा एक दात थोडा तुटका होता. मी तिला विचारलं की तू हे कुठं शिकलीस. मला वाटलं होतं, ती सरांचं नाव घेईल.

"बंडीत," ती म्हणाली.

तिचं आजोळ रामाकोन्याला. तिचे मामा शेतमजूर. कापूस निघाला की शेतकऱ्याच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, तो भरायचा असतो, आणि कापूस म्हणजे असा लबाड की कितीही टाका, फुगून वर येतो. म्हणून वर पोरं चढवतात. पोरं नाचतात, कापूस खुंदतात, म्हणजे पायांनी तुडवून तुडवून दाबतात. तो खाली बसला की वर आणखी टाकतात. आमच्या भागात कापूस खुंदला नाही असं पोर सापडायचं नाही. मीही खुंदला आहे. पण आम्ही खुंदून खाली उतरायचो. ती उतरायची नाही, बंडीवरून खालच्या ढिगात उडी मारायची. आधी सरळ, मग उलटी. मामा ओरडायचा, मालक ओरडायचा, आणि ती पुन्हा वर चढायची. पुढे सौंसरच्या शाळेत सरांनी तिला भिंतीवरून उलटी उडी मारताना पाहिलं. मारायला धावले होते. मारायचं राहून गेलं.

तिचे वडील कुठल्याशा कचेरीत चपराशी आणि आई दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जाणारी. घर बौद्धांच्या वस्तीत. तिची आई संध्याकाळी वेचणीहून परतताना मैदानाच्या कडेला उभी राहायची, डोक्यावरचं गाठोडं न उतरवता बघायची आणि पुढे निघायची. ओट्यावरच्या आत्याची आणि तिची नजरानजर व्हायची, "झाली का वेचनी?" "झाली बाई," एवढंच. ओट्याची पायरी ती कधी चढली नव्हती आणि आत्यानंही कधी चढ म्हटलं नव्हतं. हे सगळे रिवाज सांगावे न लागता पाळले जायचे. मला तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं, आज वाटतं.

त्या थंडीत सर सांगत आले की जबलपूरला मोठी निवड आहे. तिथं पास झाली तर मध्यप्रदेशाच्या टीममध्ये. पण तिथं गाद्या असतात. तणसावर सरावलेले पाय गादीवर गोंधळतात. म्हणून एक गादी पाहिजे. एवढं बोलून सर निवडणुकीच्या ड्युटीवर निघून गेले, आणि गादीचा विषय पडला आत्याच्या हातात.

आता आत्याबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. आत्या म्हणजे शरीरानं आणि मनानं भरभक्कम बाई. पाहुण्याला चार पोळ्या पाहिजे असतील तर ती आठ वाढणार आणि नववी लपवून ठेवणार. मी बोलून बोलून तिलाही त्या मुलीच्या नादी लावलं होतं. तिनं गल्लीतल्या बायका जमवल्या. कुणी घरचा कापूस दिला, कुणी मांजरपाट दिला. कापूस जिनमधून सरकी काढून आणला आणि पिंजाऱ्याला बोलावलं. चांगला पांढराशुभ्र, त्याच हंगामातला, लांब धाग्याचा कापूस. पिंजाऱ्यानं आत्याच्या अंगणात दोन दिवस धनुकली वाजवली. झाडांवर, कौलांवर, म्हशीच्या पाठीवर, जिकडेतिकडे कापूस उडाला. आत्या सारखी सांगायची, "आनखी पिंज भाऊ. पोट्टीले लागता कामा नये."

टाके घालायच्या दिवशी तिची आई आली. वेचणीला सुट्टी घेऊन, स्वतःची सुई घेऊन आली होती. पायरीशी उभी राहिली. आत्या आतून म्हणाली, "बाहेर काहून उभी? टाके काय तिथून घालशील?" मग ती वर आली, आत आली आणि आमच्यामध्ये बसली. एक-दोघींनी लुगडी सावरल्यासारखं केलं. आत्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की सावरलेली लुगडी पुन्हा जिथल्या तिथं गेली. दुपारी सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात झाला.

गादी झाली ती काय वर्णावी! लेक सासरी जाताना तिच्यासोबत गादी द्यायची आमच्याकडची पद्धत आहे, आणि गादीच्या जाडीवरून माहेरची माया मोजतात. आमच्या बायकांना एवढीच एक गादी करता येत होती. त्यांनी तीच केली, फक्त दुप्पट जाड. हात ठेवला की कोपरापर्यंत आत जायचा. पिंजारी स्वतः म्हणाला, "अशी गादी तं मी पाटलाच्या पोरीले भी नाही भरली."

सर यायचे होते. पण हौसेला दम कुठला? गल्लीतल्या बायका, पोरं, तिच्या वस्तीतली माणसं मैदानावर जमली. आत्यानं गादीला हळदकुंकू लावलं. मी अगदी पुढे, मांडी घालून बसलेली. ती आली, गादीकडे पाहिलं, पायानं थोडं दाबलं. तिच्या कपाळाला एक आठी पडली, ती मला दिसली. पण समोर सगळ्या बायका तोंड भरून हसत उभ्या होत्या. त्यांच्यापुढं ती नाही कसं म्हणणार?

ती धावली, सुटली, वर गेली, वर थांबली. आणि खाली आली तेव्हा एक पाय त्या मऊ कापसात गुडघ्यापर्यंत गेला आणि अंग दुसरीकडे फिरलं. आवाज अगदी बारीक झाला. वाळली काडी मोडावी एवढाच.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसून म्हणतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तिची आई गर्दीतून आली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आमच्यापैकी कुणालाही एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आत्या गादीच्या कडेला बसून दोन्ही हातांनी तोंडात मारून घेत होती.

नागपूरला नेऊन घोट्याला प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल बरोबर, उड्यांचं सांगता येत नाही. सर ड्युटीवरून परतले, थेट मैदानावर गेले, गादीवर तळहात दाबला आणि तसेच खाली बसून राहिले. जबलपूरची निवड तिच्याविना झाली.

माझी आई, जी मला गद्दार म्हणत होती, तिनं हे ऐकलं आणि मला न सांगता जामसांवलीला जाऊन मारुतीला नवस बोलून आली. तिथला मारुती निजलेला आहे. मी चिडलेलीच होते, म्हटलं, "स्वतःच निजून हाय तो. उड्या मारनाऱ्या पोरीचं त्याले काय?" आई म्हणाली, "निजून हाय म्हनूनच. पडल्या मानसाचं त्यालेच समजते." त्या मुलीच्या आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "आमी बुद्धाचे हाओ बाई. पन तुमी माह्या पोरीसाठी कुठं भी हात जोडा, मी नाही नाही म्हनत."

गादीचं काय करायचं, हा प्रश्न उरला. ती शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवली होती आणि येताजाता सगळ्यांच्या डोळ्यांत सलत होती. आत्या म्हणायची, जाळून टाका. गल्लीतली एक म्हणाली, उसवून वाती करा. शेवटी तिलाच विचारू म्हणून आत्या मला घेऊन तिच्या घरी गेली. बौद्धांच्या वस्तीत आत्या पहिल्यांदाच पाय ठेवत होती, आणि ते लपवण्यासाठी वाटेत फार मोठ्यानं बोलत होती.

ती खाटेवर प्लास्टरचा पाय पसरून बसली होती. आत्यानं दारातच रडायला सुरुवात केली. "ते अवदसा गादी जाळून टाकतो मी आजच."

"जाळू नका," ती म्हणाली. "खुंदा."

आत्याचं रडणं मध्येच थांबलं.

"कापूस चांगला हाय," ती म्हणाली. "फक्त फुगून हाय. बंडीतला कापूस खुंदते ना आपन? तसा खुंदा. रोज खुंदा. बसन तो खाली."

"आन तुहा पाय?" मी विचारलं.

"पायाचं मी पाहून राहिली. तुमी गादीचं पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी ती गादी शाळेच्या दारातच अंथरली, वर ताडपत्री टाकली. सरांचं फर्मान निघालं: चपला बाहेर, पाय धुवायचे, आणि गादीवरून चालत वर्गात. सगळी शाळा रोज तिच्यावरून आत जाऊ लागली आणि बाहेर येऊ लागली. मधल्या सुट्टीत पोरं नाचायची. संध्याकाळी गल्लीतल्या बायका यायच्या. आधी लाजत, पदर खोचून, इकडेतिकडे पाहत. लग्न होऊन आल्यापासून त्या बायांनी नाचायला पाय उचलले नव्हते. लहानपणी सगळ्यांनीच बंडीत कापूस खुंदला होता, आणि पाय विसरत नाहीत. एक जण लय धरायची, बाकीच्या धरायच्या. वस्तीतल्या बाया वेचणीहून परतताना गाठोडी भिंतीशी ठेवून चढायच्या. आता कुणाचं लुगडं कुणाला लागलं तरी कुणी सावरत नव्हतं. गादीवर जागाच तेवढी होती.

सर कोपऱ्यात उभे राहून म्हणायचे, "और जोर से, बहनजी." मध्ये मध्ये सर खोळ उसवायला लावायचे, आतला कापूस उलटा करायला लावायचे, आणखी भरायला लावायचे, आणि पुन्हा खुंदायचं. आत्या सर्वांत जड, म्हणून तिला मध्यभागाचा मान. "आयुष्यात पहिल्यांदा माह्या वजनाची कोनाले गरज पडली," ती म्हणायची. मी सुट्टी लागली की बसनं यायचे आणि सरळ गादीवर चढायचे. उन्हाळ्यात आईही आली. पांढुर्ण्याची बाई सौंसरच्या पोरीसाठी सौंसरच्या शाळेत नाचली. मी तिला विचारलं, आता गद्दार कोण? ती म्हणाली, "तोंड चालव नको, पाय चालव."

प्लास्टर निघालं तेव्हा तिचा पाय हातासारखा बारीक झाला होता. ती रोज पहाटे वस्तीपासून शाळेपर्यंत चालायची, आधी लंगडत, मग कमी लंगडत. पावसाळ्यात चढावावर धावायला लागली. पोळा झाला, गोटमार झाली, आमच्या एका काकाचं डोकं फुटलं आणि त्यानं ते रिवाजाप्रमाणे मिरवलं. ती मात्र आपल्या पायाबद्दल अवाक्षर बोलत नव्हती. मला भीती वाटायची. मी तिला ताडपत्रीच्या कडेला उभी राहून वर बघताना पाहिलं आहे. जिथं ती थांबायची, नेमकं तिथं ती बघायची. एकदा मी विचारलंच, भेव वाटते का? ती म्हणाली, "वरचं नाही वाटत. खालचं वाटते."

पुढचं सगळं आधीच सांगून टाकते, कारण लोक मला विचारतात, बाई, एवढं तिचं पुराण लावता, तिला मेडलं तरी किती मिळाली? मोठं एकही नाही. जबलपूरची निवड ती दुसऱ्या खेपेला पास झाली. सौंसरच्या स्टेशनवरून छोट्या रेल्वेनं छिंदवाड्याकडे निघाली तेव्हा प्लॅटफॉर्म माणसांनी भरला होता, आणि गाडी रामाकोन्याला थांबली तेव्हा तिचे मामा संत्र्यांची टोपली घेऊन उभे होते. मध्यप्रदेशाकडून दोन वर्षं खेळली, दूरदूरच्या शहरांत. पहिल्या तिघींत कधी आली नाही. मग तिला नोकरी लागली, आणि पुढे काही वर्षांनी ती स्वतःच पीटीची मॅडम झाली. तिच्या हाताखालच्या मुली आता हाफपँट घालतात आणि कुणी हसत नाही. माझ्या मते हे मेडलपेक्षा मोठं आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी आपापल्या आवडीचा खेळाडू निवडावा.

पण माझ्यासाठी तिची सगळी कारकीर्द एका संध्याकाळची आहे. दसऱ्याच्या सुट्टीतली. मी आत्याकडे होते. सर आले आणि म्हणाले, आज ती उडी मारणार आहे. कुणाला सांगितलं नव्हतं, तरी मैदान भरलं. या वेळी हळदकुंकू नव्हतं, हसणं नव्हतं. गादी मैदानात आणायला सहा जण लागले. पूर्वीच्या निम्म्याहून कमी जाड झाली होती आणि दगडासारखी जड. ती आली. लाल रिबीन, खाकी हाफपँट. आत्या अजून गादीवर पाय दाबत उभी होती, शेवटचं म्हणून.

"आत्या, उतरा आता," ती म्हणाली. आत्या उतरली.

तिची आई माझ्या शेजारी उभी होती, डोक्यावर गाठोडं तसंच. तिनं माझा हात धरला. एवढा घट्ट, की मनगट दुखून आलं.

ती धावली. हात टेकले, सुटली, फिरली, वर गेली. आणि थांबली. मी शपथेवर सांगते, थांबली. मग खाली आली, दोन्ही पाय एकदम टेकले, धप्प असा भरीव आवाज झाला, आणि ती उभी राहिली. हलली नाही, पडली नाही. हात वर करून नुसती उभी राहिली.

मैदानात कुणाला टाळी सुचली नाही. मी रडत होते, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नव्हती. तिच्या आईनं गाठोडं खाली ठेवलं. त्या मैदानावर तिनं ते पहिल्यांदाच खाली ठेवलं होतं.

ती गादीवरून उतरली, आमच्याजवळ आली. दम लागला होता, तुटका दात दिसत होता. आत्याकडे पाहून ती म्हणाली, "पाय टेकले ना, तं मले वाटलं, खाली कोनी तरी उभं हाय."

आत्यानं पदरानं तोंड पुसलं.

"आमीच तं आहो, बाई," ती म्हणाली.